बसायला कुठं जायचं

बार निवडण्यात स्वरूपनं अख्खा आठवडा घालवला. बहिणीसाठी स्थळ बघताना माणूस एवढी डोकेफोड करत नाही. पण त्याचं म्हणणं असं, की दोन्ही कामं एकच.

धाकटी बहीण कुणाली हिचं ठरत आलं होतं. मुलगा सुयोग, मुरबाड तालुक्यातला, सिद्धगडाच्या बाजूच्या गावचा, एमआयडीसीत मशीनवर कामाला. बघाबघी झाली, पसंती झाली, साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची राहिली होती. वडील नाहीत, तेव्हा घरातला कर्ता स्वरूप. किन्हवलीजवळच्या गावात भेंडीचे वाफे आणि स्वतःचा टेंपो. मध्यस्थापुढं त्यानं मांडी ठोकून एकच अट घातली होती. सोनं नको, मानपान नको, मुलगा पिणारा नको. पिणारा निघाला तर साखरपुड्याच्या आदल्या दिवशीसुद्धा मोडीन, म्हणाला.

आता मुलगा पितो की नाही हे कळायचं कसं? आपल्याकडं रीत आहे चौकशीची. मामाला सोबत घ्यायचं, मुलाच्या गावात जायचं, पानटपरीवर थांबायचं, किराणा दुकानात विचारायचं, देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. आणि सगळीकडून एकच उत्तर घेऊन यायचं: पोराला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. अहो, सांगणाऱ्यांच्या घरातही लग्नाची पोरं असतात, ते कशाला कुणाचं वाकडं सांगतील?

थोरली प्रेमा अशाच चौकशीवर दिली. ती चौकशीही स्वरूपनंच केली होती. तेव्हा मिसरूड नुकतं फुटलेलं, पण वडिलांच्या जागी उभा राहून त्यानं पानटपरी, दुकान, देऊळ सगळं पालथं घातलं. नवरदेव खाली मान घालून बसलेला, चहासुद्धा नको म्हणाला, पाणी प्यायला. केवढं कौतुक झालं त्या पाण्याचं! पुढं तोच दाजी बाटलीसाठी घरातली भांडी विकायला लागला, आणि एका दुपारी प्रेमा एसटीतून उतरली ती मनगटाला प्लास्टर घालून. तेव्हापासून ती माहेरीच आहे. भावाला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं स्वरूपला वाटायचं. तिच्या त्या गप्प राहण्यानं त्याला आतून पोखरलं.

म्हणून ह्या वेळी त्यानं ठरवलं, चौकशी टेबलावर करायची. पोराला बसायला न्यायचं, हसतखेळत, मेव्हण्या-मेव्हण्यांचं असतं तसं. देवळात सगळेच सज्जन दिसतात. ग्लास पुढं आला की हात कसा पुढं जातो ते बघायचं, आणि दुसऱ्या ग्लासानंतर तोंडातून काय बाहेर पडतं ते ऐकायचं.

पण त्यासाठी जागा तशी हवी, निवांत, जिथं माणूस सैल होईल. आणि तिथं आपल्याला कुणी ओळखता कामा नये, म्हणजे पोर बिचकणार नाही. स्वरूप टेंपो चालवता चालवता मनात एकेक बार काढायचा आणि खोडायचा. शहापूरला स्टँडच्या मागचा चांगला, तळलेले बोंबील कुरकुरीत मिळतात, पण तिथला मॅनेजर लांबूनच हाक मारतो. आसनगावातल्यात माणसं घाईनं येतात आणि उभ्या उभ्या उरकून जातात, तिथं गप्पा कसल्या होणार? हायवेवरच्या धाब्यांवर गाणी एवढी मोठ्यानं, की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. भातसानगरच्या रस्त्याला एक होता झकास, संध्याकाळी पाण्यावरून वारा येतो, कोपऱ्यातल्या टेबलाला पंखाही लागत नाही. पण तिथं होळीत बाचाबाची झाली होती, मालकानं पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलेलं. किन्हवलीत तर प्रश्नच नाही, आईच्या कानावर जायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. मुरबाड नाक्यावरचा म्हातारा वेटर तर घरच्यांची खुशालीच विचारतो.

तुमच्या काय लक्षात यायचं ते आलं असेल. स्वरूपच्या नाही आलं. तो आपला पिणाऱ्यांत स्वतःला धरतच नव्हता. पिणारा म्हणजे थोरला दाजी! आपण धंद्यातले, पहाटे भेंडी घेऊन कल्याण मार्केट गाठतो, दमून येतो, घेतो. घरात आवाज नाही, कुणावर हात नाही. झोपतो गप. ह्याला काय पिणं म्हणतात?

शेवटी त्याला सरळगावच्या अलीकडचा आठवला. रस्त्यापासून जरा आत, आंब्याच्या झाडाखाली पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, 'निवांत परमिट रूम' अशी पाटी. गर्दी नाही, दंगा नाही, दोघांनाही मधला. आपण तिथं फार तर दोन-चारदा गेलो असू, असा त्यानं हिशोब केला आणि सुयोगला फोन लावला. शनिवारी संध्याकाळी बसू म्हणाला. पलीकडून पोर क्षणभर थांबलं आणि येतो म्हणालं. ते थांबणं स्वरूपनं ध्यानात ठेवलं. घरी त्यानं फक्त कुणालीला सांगितलं, की तुझ्या होणाऱ्याला भेटून येतो. ती कपडे वाळत घालत होती. तिनं बरं म्हटलं आणि चादरीआड गेली.

शनिवारी दिवस मावळायच्या बेताला दोघं आपापल्या मोटारसायकलींवरून पोचले. सुयोग इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, केस ओले करून बसवलेले. स्वरूपनं मुद्दाम शेडच्या टोकाचं टेबल धरलं, पोराचं तोंड उजेडाकडं येईल असं बसवलं आणि आता कसं काय काढायचं ते मनाशी जुळवू लागला.

तेवढ्यात अनंता वेटर आला. फडकं खांद्यावर, हातात ट्रे. त्यानं काही न विचारता स्वरूपपुढं त्याच्या ब्रँडची क्वार्टर ठेवली, दोन सोडे ठेवले, कांदा-लिंबू मारलेले शेंगदाणे ठेवले. मग सुयोगकडं वळून अदबीनं विचारलं, "साहेब, तुमी काय घेणार?"

स्वरूपनं हसण्यावारी नेलं. इथं सगळ्यांना आधी हेच आणून ठेवतात, असं काहीतरी बोलला. अनंता बिचारा गोंधळून उभा राहिला. सुयोगनं एकदा क्वार्टरकडं बघितलं, एकदा शेंगदाण्यांकडं, आणि एक बियर सांगितली.

घेतो म्हणजे! आणि खोटं कशाला बोला, स्वरूपला थोडं बरंही वाटलं. सापडला. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की बियर रोजची का? पोर म्हणालं, रोज कुठली, हळदीबिळदीला एखादी, मित्रांत कधीमधी. लपवत नव्हता. स्वरूपला हे काही झेपेना. लपवणारा कसा पकडायचा ते त्याला ठाऊक होतं, तोंडावर सांगणाऱ्याचं काय करायचं?

मग त्यानं पोराला पाजायचा सपाटा लावला. घ्या हो पाव्हणे, तुमी तर चाखत पण नाय, असं म्हणायचं आणि सोबत म्हणून आपला ग्लास भरायचा. पहिला असाच गेला. दुसरा गेला. कंपनीतल्या शिफ्टच्या गोष्टी निघाल्या, सुपरवायझरच्या निघाल्या, सुयोगच्या आईच्या गुडघ्याच्या निघाल्या. पोर बियरचा ग्लास हातात धरून बसलेलं, फेस केव्हाच बसलेला, अर्धी बाटली तशीच. ते पीत नव्हतं, ते बघत होतं. आणि स्वरूपनं जेवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलं होतं, तेवढाच त्याचा स्वतःचा हात बाटलीकडं जात होता. अनंतानं न सांगता दुसरी क्वार्टर आणून ठेवली, कारण त्याला काय माहीत, तो बिचारा रोजच्यासारखं करत होता. तिसरा भरताना सोडा टेबलावर सांडला. चौथा भरताना सोडा घातलाच नाही.

सुयोगचा फोन दोनदा वाजला आणि दोनदा त्यानं बंद केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो आलोच म्हणून उठला आणि आंब्याखाली जाऊन हळू आवाजात बोलू लागला, पाठ फिरवून.

झालं! स्वरूपच्या डोक्यात किडा शिरला. पोर दारूत नाही सापडत ते ह्यात सापडणार. दुसरी कोणीतरी आहे. कंपनीतली असेल, नाहीतर गावातली. ह्यांचं हे असं असतं, म्हणूनच बियर पुढं करून मोकळेपणा दाखवायचा. प्रेमाचं प्लास्टर डोळ्यांपुढं आलं. तो उठला, गल्ल्यापाशी गेला आणि अनंताला एक भरायला सांगून तिथंच उभ्यानं घशाखाली सोडला. मग जागेवर येऊन बसला, जसा काही उठलाच नव्हता.

सुयोग आला. स्वरूपनं त्याला बसूसुद्धा दिलं नाही.

"कोण होती?"

पोरानं खुर्ची ओढली, बसलं, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"कुणाली होती. दादाचे किती झाले ते विचारत होती."

स्वरूपला आधी कळलंच नाही. त्यानं पुन्हा विचारलं. सुयोगनं पुन्हा तेच सांगितलं, आणि मग बाकीचंही सांगितलं, खालच्या आवाजात, शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही असं. बघाबघीच्या दुसऱ्याच दिवशी कुणालीचा फोन आला होता. ती म्हणाली, दादानं मध्यस्थापुढं अट घातली ती मी आतून ऐकत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरात पिणारा आहे, तो माझा दादा आहे. तुम्हाला मागनं कळण्यापेक्षा आधी बघून घ्या. आज बोलावल्याचं समजलं तेव्हा तिनंच जा म्हणून सांगितलं. म्हणाली, दादाला गाडी चालवू देऊ नका, एवढी कृपा करा. घरापर्यंत आणा. त्याला बघून तुमचं मन फिरलं तर फाटकात सोडून परत जा, मी समजेन, कुणाला दोष देणार नाही. नसलं फिरलं तर आत या.

स्वरूपनं टेबलावर मूठ आपटली. क्वार्टर आडवी झाली. शेजारचे दोघं वळून बघायला लागले, अनंता फडकं घेऊन धावत आला आणि लांबच थांबला. स्वरूप उभा राहिला होता. कोण मला बघणारा? तू? मी बापाच्या जागी आहे तिच्या! असं बरंच काही बोलला तो, त्यातलं निम्मं त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही. शेवटी त्यानं हातातलं एकुलतं एक हत्यार काढलं.

"लग्न मोडलं. जा घरी."

सुयोगचं तोंड पांढरं पडलं. घाबरला होता पोरगा, त्यानं टेबलाची कड धरली. पण उठला नाही.

"मोडा," तो म्हणाला आणि हात पुढं केला. "पण गाडी मी चालवणार. चावी द्या."

स्वरूपला वाटत होतं की ह्याला एक ठेवून द्यावी. आणि वाटत होतं की ह्यानं हात पुढं केलाय तो मागं घेऊ नये. खिशातून चावी काढताना ती दोनदा निसटली. सुयोगनं ती अनंताकडं दिली. ह्यांची गाडी राहू दे इथं, म्हणाला, आपण माझ्या गाडीवर जाऊ. अनंतानं मान डोलावली आणि सहज बोलून गेला, की नेहमीसारखी आत घेऊन ठेवतो.

रस्त्याला मिट्ट अंधार होता. सुयोग सावकाश चालवत होता, खड्डा आला की आणखी सावकाश. मागं बसलेल्या स्वरूपला वारा लागला तशी तोंडातली कडू चव वर आली आणि डोकं थोडं ताळ्यावर आलं. लग्न मोडलं, असं आपण म्हणालो. कुणाचं मोडलं आपण? ह्या पोरात खोट काढायला गेलो आणि खोट निघाली ती आपल्या घरात, आपल्याच अंगात. आता ह्यानं फाटकात सोडलं आणि गाडी वळवली, तर गावात काय सांगायचं? मुलगा चांगला होता, मुलीचा भाऊ पितो म्हणून गेला? आणि गावाचं जाऊ दे, कुणालीला काय सांगायचं? त्याला भयंकर भीती वाटली. प्रेमाच्या वेळी तरी तो फसला होता. ह्या वेळी फसवणारा दुसरा कोणी नव्हता.

त्याला पोराला काहीतरी म्हणायचं होतं. आत ये, एवढंच. पण आयुष्यात कधी कुणापुढं पदर पसरला नव्हता.

गाव आलं. दिवे लागलेले. सुयोगनं फाटकापाशी गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं. एक पाय जमिनीला टेकवून तो तसाच बसून राहिला. आणि स्वरूप उतरेना. हसाल तुम्ही, पण त्याच्या त्या भिजल्या डोक्यात एवढंच शिरलं होतं, की आपण मागं बसून आहोत तोवर ह्याला गाडी वळवता यायची नाही. दोन्ही हातांनी त्यानं मागची दांडी गच्च धरून ठेवली.

दार उघडलं. कुणाली पायरीवर आली, तिच्यामागं प्रेमा. गाडीचा दिवा त्यांच्या पायांवर पडला होता. कुणालीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं आणि ती भावाकडं नाही, गाडीच्या दिव्याकडं बघत होती.

मग सुयोगनं इंजिन बंद केलं.

स्वरूपच्या छातीवरचा धोंडा खाली आला. तो उतरला, लडखडला, फाटकाला धरून उभा राहिला. सुयोग स्टँड लावून अंगणात शिरला. कुणालीनं त्याला पायरीपाशीच थांबवलं.

"किती झाले दादाचे?"

सुयोगनं मागं वळून स्वरूपकडं बघितलं. पोर चांगलं होतं हो, मनानं चांगलं होतं.

"दोनच," तो म्हणाला.

कुणालीचा चेहरा उतरला. स्वरूपला वाटलं होतं की ती सुटल्यासारखा श्वास सोडेल. झालं उलटंच. ती पायरी उतरून खाली आली आणि सुयोगच्या समोर उभी राहिली.

"दोन कधीच नसतात. आई मला दोन सांगते, ताई दोन सांगते. मी शाळेत असल्यापासून दोनच ऐकते. तुमीपण तेच सांगणार असाल तर गाडी वळवा. दादासाठी खोटं बोलणारी मान्सं ह्या घरात भरपूर हायत, आणखी नको."

सुयोगनं मान खाली घातली आणि खिशातली गाडीची चावी चाचपली. प्रेमा दारातून पुढं आली, कुणालीच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती बाजूला होत नव्हती. लहानपणापासून अशीच. एकदा ठरवलं की संपलं.

पोर मागं फिरलं. एक पाऊल टाकलंसुद्धा.

"पाच," स्वरूप म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. फाटक सोडून तो अंगणात आला, आणि लडखडतोय हे लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही.

"चार टेबलावर, सोड्याचे धर नायतर बिनसोड्याचे. आन एक गल्ल्यावर, उभ्यानं. हा तुझ्याशी फोनवर बोलत व्हता तवा. तो ह्याला म्हाईत नाय. आन आजचेच नाय. कालपण व्हते. परवापण व्हते. तिथला वेटर मला न इचारता आणून देतो गो." आवाज फुटला तसा तो थांबला, मनगटानं तोंड पुसलं. "ह्याला परत धाडू नको. ह्यानं अर्धी बियर टाकून दिली आन मला घरी आणला. खोटं माझ्यापायी बोलला. धाडायचं तर मला धाड."

प्रेमा मटकन पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. कित्येक वर्षांत तिला असं उघड रडताना कुणी बघितलं नव्हतं.

कुणाली कितीतरी वेळ भावाकडं बघत राहिली. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि सुयोगला म्हणाली, "चपला आत आणून ठेवा. बाहेर कुत्रा नेतो."

सुयोगनं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि तिच्यामागं आत गेला. थोड्या वेळानं प्रेमाही उठली. दारात ती थांबली, स्वरूपकडं वळून बघितलं आणि आत गेली. दार तिनं लावून घेतलं नाही. अंगणात स्वरूप एकटा उरला. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला, मग ताटं मांडल्याचा, एकामागून एक. त्यात आपलं ताट आहे का, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.